सहा सूत फट

आमच्या वाड्यात दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असायचा. तारखेच्या चौकोनात आई पेन्सिलीने लिटर मांडायची. त्याच चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात अप्पांच्या बारीक अक्षरात आणखी एक आकडा असायचा. १७. २२. १९. मुसळधार पावसाच्या दिवशी नुसती फुली. महिनाअखेरीला गवळी आला की बेरजेत तो आकडा मिसळायचा आणि आई वैतागायची, "अहो, तुमच्या पाकोळ्या माझ्या दुधात नका आणू."

तो आकडा त्या संध्याकाळी वळचणीतून बाहेर पडलेल्या पाकोळ्यांचा, म्हणजे लहान वटवाघळांचा होता.

वाडा नाशकात, तिवंध्याजवळ. पुढे ओटा, आत चौक, वर कडीपाटाचा माळा आणि त्यावर कौलं. चौकाच्या पश्चिम अंगाला, कडी भिंतीत शिरते तिथे, चुना सुटून एक लांबट फट पडलेली होती. बोटभर रुंद. दिवसा तिच्याकडे कुणाचं लक्षही जायचं नाही. तिन्हीसांजेला देवापुढे निरांजन लागलं की अप्पा चौकात पाट टाकून बसायचे आणि मान वर करायचे. आधी फटीच्या तोंडाशी काहीतरी हलल्यासारखं व्हायचं. मग एक काळा ठिपका खाली सांडायचा, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर त्याचे पंख उघडायचे आणि चौकावरच्या उजळ तुकड्यातून तो आभाळात निघून जायचा. मग दुसरा. मग एकदम तीन. सांडायचा, हाच शब्द बरोबर आहे. पक्षी जागेवरून उडतात. पाकोळ्या आधी स्वतःला खाली सोडून देतात आणि पडता पडता उडायला लागतात.

पुस्तकात पाकोळी म्हणजे एक पक्षी, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. आमच्याकडे अंगठ्याएवढ्या, घरात राहणाऱ्या, किडे खाणाऱ्या त्या पाकोळ्या आणि चिंचेवर, वडावर दिवसा उलटी टांगलेली मोठी ती वटवाघळं. दोन्ही एकाच गणातली, पण वाड्यातल्या माणसांना ती वेगळीच वाटायची. वटवाघूळ म्हटलं की आजी कानांवर पदर घ्यायची. पाकोळ्यांबद्दल मात्र "आहेत हो त्या, त्यांचं त्या करतात" एवढंच म्हणायची.

अप्पांनी ती फट कधी बुजवू दिली नाही. दर दोन-तीन वर्षांनी दिवाळीआधी गवंडी यायचा, भिंती लिंपायचा. त्या जागेपाशी आला की अप्पा खालून सांगायचे, "ते राहू द्या."

मोजताना मी त्यांच्या शेजारी बसायचे. माझं काम ऐकण्याचं. फटीतून त्या निघायच्या आधी आतून एक बारीक चिटचिट यायची, चांदीची साखळी तळहातावर चाळवावी तशी. मला ती लख्ख ऐकू यायची. अप्पांना यायची नाही. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत विचारायचे, "बोलतायत का गं?" मी मान हलवली की ते पेन्सिल हातात घ्यायचे.

यात नवल काही नव्हतं, हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतो आणि वयाबरोबर ती मर्यादा खाली येत जाते. पाकोळ्यांची शिकारीची हाक बहुतेक वेळा ४० किलोहर्ट्झच्या आसपास किंवा त्याहून वर असते, ती लहान मुलालाही ऐकू येत नाही. आपापसातलं बोलणं मात्र त्यामानाने खालच्या पट्टीत चालतं. त्याची कड लहान मुलाच्या कानाला लागते आणि मोठ्यांच्या हातून निसटते. १७९०च्या दशकात इटलीत लाझारो स्पालान्झानीने डोळे गेलेली वटवाघळंही अंधारात बिनचूक उडतात हे दाखवलं. स्वित्झर्लंडच्या लुई झुरीनने त्यांचे कान बुजवून पाहिले, तर ती धडपडायला लागली. म्हणजे त्यांचं पाहणं कानांनी चालतं. पण ऐकू न येणाऱ्या आवाजावर विश्वास कोण ठेवणार? १९३८ साली अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने माणसाच्या कानापलीकडचा आवाज पकडणाऱ्या यंत्रासमोर वटवाघूळ धरलं, तेव्हा त्या शांत प्राण्याचा आरडाओरडा पहिल्यांदा नोंदला गेला. दीडशे वर्षं जे माणसाला समजत नव्हतं, त्यातला एक धागा माझ्या सहा वर्षांच्या कानात रोज संध्याकाळी पडत होता. अप्पांना हे सांगायला हवं होतं. ते २००९ मध्ये गेले.

वाडा २०१४ मध्ये उतरवला. भिंतींनी ओल धरली होती, दोन पावसाळ्यांत मागची बाजू बसत चालली होती, चुलतभावांच्या वाटण्या झालेल्या होत्या. कुणाची चूक म्हणावी असं त्यात काही नव्हतं. काम मे महिन्यात लागलं, पावसाच्या आत जागा मोकळी व्हायला हवी म्हणून. मी त्या दिवशी तिथे होते. मजुरांनी पश्चिमेकडची कडी पहारीने उचकटली आणि मूठभर काळं काहीतरी भर दुपारच्या उन्हात चौकात पडलं. काही उडाल्या, कुठे जायचं ते न कळून भिंतीला धडकल्या. काही उडाल्याच नाहीत. त्यांच्या पोटाला बिनकेसांची, गुलाबी, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान पिल्लं चिकटलेली होती. पाकोळीला एका वेळी एक, फार तर दोन पिल्लं होतात. मला हे सगळं आधी माहीत असायला हवं होतं. निदान ती फट आहे, तिथे कुणी राहतं, एवढं तर मला ठाऊकच होतं. महिना-दीड महिना थांबून पिल्लं उडती झाल्यावर ती बाजू उतरवा, असं एक वाक्य मी आदल्या दिवशी बोलू शकले असते. बोलले नाही, कारण मला ते आठवलंच नाही. दुधाचा हिशेब, वाटणीची कागदपत्रं, भांडी कुणी न्यायची, सगळं आठवलं होतं.

संध्याकाळी निघताना मी कडीपाटातल्या चार सागवानी फळ्या मागून घेतल्या आणि गोणपाटात बांधून घरी आणल्या. सहा-सात वर्षं त्या जिन्याखाली पडून होत्या.

आमचं आताचं घर गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला. बैठा बंगला, वर एक मजला, मागे परसबाग: एक आंबा, पारिजातक, कुंपणाला रातराणी. गंगा, म्हणजे आमची गोदावरी, चालत दहा मिनिटांवर. घर पक्कं आहे. स्लॅब, गुळगुळीत गिलावा, अॅल्युमिनियमच्या खिडक्या, जाळ्या, खिडकीच्या कडेला सिलिकॉन. बांधताना ठेकेदाराने अभिमानाने सांगितलं होतं की मुंगीला शिरायला फट सापडणार नाही. खरं होतं ते. आमच्या कॉलनीत एकाही घराला वळचण नाही.

२०२० मध्ये करोनामुळे लोकांना वटवाघळांची भीती बसली. कॉलनीच्या कोपऱ्यावर एक जुना उंबर आहे. फळं धरली की रात्री मोठी वटवाघळं येतात, पहाटे खाली अर्धी चावलेली फळं पडलेली असतात. बैठक झाली, झाड तोडायचं ठरायला लागलं. मी तिथे जेवढं येत होतं तेवढं बोलले: हे प्राणी उंबराचं बी गावभर पेरतात, झाड तोडून ती नाहीशी होत नाहीत, नुसती विस्कटतात. कायद्याचा आधार घ्यायला गेले तर तोही तेव्हा कच्चा निघाला. १९७२च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं चक्क उंदीर-कावळ्यांच्या जोडीला उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. ती यादी २०२२च्या दुरुस्तीत निघाली. झाड वाचलं, पण रस्त्याकडच्या सगळ्या फांद्या छाटल्या गेल्या. त्या रात्री मी जिन्याखालून गोणपाट ओढून काढलं.

वटवाघळांसाठी लाकडी घर करायची कल्पना माझी नव्हे, ती मुख्यतः अमेरिकेतली. तिचा इतिहास वाचताना मी कितीतरी रात्री जागले. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियो गावात चार्ल्स कॅम्पबेल नावाचे डॉक्टर होते. हिवतापाने त्यांचे रोगी मरत होते. डास खाणारा प्राणी जवळ राहायला आणला तर, या विचाराने त्यांनी १९०२ पासून लहान लहान पेट्या टांगायला सुरुवात केली. कुणी आलं नाही. वर्षानुवर्षं नाही. शेवटी त्यांनी गुहांमध्ये जाऊन वटवाघळं कशी राहतात ते बघितलं आणि १९११ मध्ये मिचेल तळ्याकाठी एक उंच लाकडी मनोरा उभारला. त्यात मात्र ती राहिली. त्यांच्याच नकाशावरून फ्लोरिडातल्या शुगरलोफ बेटावर रिक्टर पर्की नावाच्या गृहस्थांनी १९२९ मध्ये तसाच मनोरा बांधला, आत वास यावा म्हणून आमिषही ठेवलं. तिथे वटवाघळं कधीच राहिली नाहीत. मनोरा रिकामाच उभा राहिला, जवळजवळ नव्वद वर्षं, आणि २०१७च्या वादळात कोसळला. याच्या उलट ऑस्टिन शहरात झालं. १९८० मध्ये तिथला काँग्रेस अॅव्हेन्यू पूल नव्याने बांधला, त्याच्या पोटाशी अरुंद, खोल फटी राहिल्या. वटवाघळांचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. तिथे ती लाखांनी आली. गाव आधी घाबरलं, त्यांना हुसकून लावा अशी मागणी झाली. आता उन्हाळ्यात तिथे पंधरा लाखांपर्यंत असतात म्हणतात, आणि रोज संध्याकाळी त्या पुलावर माणसांची गर्दी होते.

मला त्या पुलाचा फार विचार करावासा वाटला. माणसाने प्रेमाने बांधलेलं रिकामं राहतं आणि नजरचुकीने राहिलेलं भरून जातं, असं का? उत्तर मापात आहे. मनोऱ्याला आमिष होतं. पुलाला फट होती.

ते माप आहे पाऊण इंच. वटवाघळांच्या घरांवर काम करणारी माणसं पाऊण ते एक इंच सांगतात. लहान पाकोळीला पाठ आणि पोट दोन्ही बाजूंनी लाकडाला लागलेलं हवं असतं. त्याहून मोठ्या जागेत दुसरे प्राणी सहज शिरतात, ऊब राहत नाही. पुढे सगळं या एका मापाभोवती उभं करायचं. दोन फूट उंच, दीड फूट रुंद, आत समांतर फळ्या, तळ उघडा, आणि तळाखाली उतरायला म्हणून मागची फळी सहा इंच खाली वाढवलेली. तळ उघडा असला की विष्ठा खाली पडून जाते आणि आत घरटी होत नाहीत.

जुन्या नाशकातले एक सुतारमामा आमच्याकडे वीस वर्षं येतात. त्यांच्या वडिलांनी आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा दुरुस्त केला होता. मी चार फळ्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि पाऊण इंच म्हटलं. "म्हणजे सहा सूत," ते म्हणाले आणि पेन्सिल कानामागे खोचली. आठवड्याने पेटी घेऊन आले. सुरेख झाली होती. सांधे एकजीव, कोपरे गुण्याला बरोबर, आणि आतल्या फळ्यांना असा रंधा मारलेला की बोट घसरावं. "हात फिरवून बघा ताई, आरशासारखं झालंय." मला ते सांगताना जड गेलं, पण सांगितलं: मामा, हे आतून खरखरीत हवं होतं.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सागवानाला मुद्दाम ओरखडे काढायचे हे त्यांच्या हाताला मान्य होण्यासारखं नव्हतंच. मग मी त्यांना पाकोळी कशी राहते ते सांगितलं. ती पायाच्या नखांवर लटकते, आणि लटकताना तिला जोर लावावा लागत नाही. तिच्याच वजनाने पायातली शीर ताणली जाते आणि नखं आपोआप आवळली जातात, म्हणून ती झोपेतही पडत नाही. सोडायचं असेल तेव्हा मात्र तिला जोर लावावा लागतो. पण नख अडकायला काहीतरी हवं. मामांनी पेटी उलटी करून आत बघितलं. "म्हणजे तिला खुंटी पाहिजे," ते म्हणाले. पेटी खोलून त्यांनी करवतीने दर अर्ध्या इंचावर आडवे चरे पाडले, दोन्ही बाजूंनी, एकसारख्या खोलीचे. ओरखडेसुद्धा त्यांनी गुण्या लावून काढले. शेवटी मजुरी घेताना म्हणाले, "कोणी आलं तर मला फोन करा."

पुढच्या तीन वर्षांत मी केलेल्या चुका इथे मुद्दाम लिहिते, कारण ही पेटी टांगावीशी वाटणारं कुणी वाचत असेल तर त्याची वर्षं वाचतील.

पहिली चूक झाडाची. मी ती आंब्याच्या खोडाला बांधली. झाड म्हणजे त्यांचं घर असं मनात होतं. पण खोडावर मांजर सहज चढतं, आणि पाकोळीला सांडायला खाली मोकळी जागा लागते. फांद्यांच्या गर्दीत ती कशी सांडणार? जागा भिंतीवर किंवा खांबावर हवी, जमिनीपासून बारा ते पंधरा फूट, आणि समोर निदान वीस फूट मोकळं.

दुसरी चूक उन्हाची. परदेशातल्या सूचनांमध्ये पेटीला गडद रंग द्या, भरपूर ऊन मिळू द्या असं असतं. ते थंड मुलखासाठी आहे. मी पेटी काळपट तपकिरी रंगवून पश्चिमेच्या भिंतीवर लावली. एप्रिलमध्ये शिडी लावून आत तापमापक सोडला, तर दुपारी चार वाजता ४६ अंश. पिल्लांना २७ ते ३८ अंश मानवतं. चाळिशीच्या वर गेलं की जीव जाऊ शकतो. त्या दुपारी मला वाड्याचा चौक आठवला आणि बरं झालं कुणी आलं नाही, असंच वाटलं. मग पेटी उतरवली, तिला चुना दिला, वर थोडा पुढे आलेला पत्रा ठोकला, पत्र्याखाली हवा खेळायला बोटभर जागा ठेवली, आणि पूर्वेच्या भिंतीवर नेली. तिथे सकाळचं कोवळं ऊन मिळतं, अकरानंतर सावली. हिवाळ्याची काळजी वेगळी. नाशकात जानेवारीत पारा सहा-सातवर येतो, निफाडकडे आणखी खाली. पण थंडीत या पाकोळ्या अंग गार करून, श्वास मंदावून पडून राहू शकतात. उन्हापुढे त्यांचा इलाज चालत नाही.

तिसरी गोष्ट उजेडाची. गच्चीवरचा आमचा मोठा दिवा पहाटेपर्यंत जळायचा. तो बंद केला. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मागच्या दिव्याला आपणहून टोपी बसवून घेतली. "तुझ्या पाहुण्यांना झोपमोड नको," म्हणाल्या. त्यांची झोप दिवसा असते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

काकूंना पटवणं सोपं नव्हतं. निपाह विषाणूचं काय, त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहची प्रतिपिंडं सापडल्याचं पुण्याच्या विषाणू संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केलेलं होतं. मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. जे खरं ते सांगितलं: निपाहचा संबंध मुख्यतः फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांशी लावला जातो, ती अशा पेटीत राहत नाहीत, त्यांना उघडी फांदी किंवा गुहा लागते. पण कुठलंही वटवाघूळ उघड्या हाताने धरायचं नाही, पडलेलं असेल तर मुळीच नाही, कारण रेबीजचा धोका असतो. चावलं किंवा ओरखडलं तर थेट डॉक्टर. पेटीखाली बसायची जागा करायची नाही, वाळलेली विष्ठा कोरडी झाडायची नाही, पाणी मारून, नाकाला फडकं बांधून काढायची. एवढे नियम पाळून माणसं आणि पाकोळ्या शेकडो वर्षं एका छपराखाली राहिली आहेत. काकू स्वतः येवल्याच्या वाड्यात वाढलेल्या. त्यांना आठवलं.

माझा मावसभाऊ पिंपळगावला द्राक्षं करतो. त्याच्यापुढे हा विषय काढला तेव्हा तो उठून गेला. मोठी वटवाघळं उतरणीला आलेल्या घडांवर रात्रीतून हात फिरवतात आणि जाळी मारायची म्हणजे एकराला केवढा खर्च, हे त्याच्याकडून ऐकावं. त्याचं नुकसान खरं आहे. माझ्या पाकोळ्या द्राक्ष चाखतसुद्धा नाहीत, त्या उलट रात्रीचे पतंग टिपतात, ज्यांच्या अळ्या पिकावर पडतात. हे त्याने ऐकून घेतलं. पण त्याच्या जाळीचं काय, याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. अजून नाही.

डासांबद्दलही एक सांगायला हवं. "एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं" हे वाक्य सगळीकडे फिरतं. त्याचं मूळ १९६०च्या एका प्रयोगात आहे, पुन्हा तोच ग्रिफिन. बंद खोलीत डास आणि बारीक माश्या सोडल्या, वटवाघळं मिनिटाला दहाच्या आसपास टिपताना दिसली, पुढचा गुणाकार लोकांनी केला. उघड्या आभाळात ती डासच खात बसत नाहीत. पतंग, भुंगेरे, चिलटं, पावसाळ्यात पंख फुटलेली वाळवी, समोर येईल ते खातात. ही पेटी लावल्याने तुमच्या घरातला डेंग्यूचा धोका जाणार नाही. साचलेलं पाणी आपणच उपसायचं.

आणि त्यांना बोलवायचं कसं? हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं गेलं. बोलावता येत नाही. विष्ठा फासून ठेवली, वास मारला, तरी त्याने कुणी येत नाही. पर्कींच्या मनोऱ्याचं काय झालं ते वर आलंच. करता येतं ते एवढंच: परसात कीटकनाशक फवारायचं नाही, रातराणी, जाई, निशिगंध अशी रात्री फुलणारी झाडं ठेवायची म्हणजे पतंग येतात, जवळ पाणी असेल तर देवाची कृपा, आणि थांबायचं. कुणी दोन महिने थांबतं, कुणी पाच वर्षं. दुसऱ्या पावसाळ्यात आमच्या पेटीत गांधीलमाश्यांनी पोळं केलं. थंडीत त्या गेल्यावर मी ते खरवडून काढलं. तेवढ्यात मामांचा फोन आला होता, कोणी आलं का म्हणून. त्यांना गांधीलमाश्यांचं सांगवेना. अजून नाही, म्हटलं.

२०२४च्या जूनमध्ये, पहिले दोन पाऊस झाल्यावर, मागच्या ओट्याच्या कडाप्प्यावर मला काळे दाणे दिसले. पेटीच्या बरोबर खाली, सहा-सात. उंदराच्या लेंड्यांसारखे. पालीचे असतील म्हणावं तर पालीच्या विष्ठेला टोकाला पांढरा ठिपका असतो, यांना नव्हता. मी एक दाणा कागदावर घेतला, दुसऱ्या कागदाने दाबला. उंदराची लेंडी घट्ट असते, ही भुगा झाली. आणि त्या भुग्यात उन्हाने बारीक बारीक चमचम केली. किड्यांच्या पंखांचे, पाठीच्या कवचाचे तुकडे. मी तो कागद तसाच हातात धरून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. आतून ह्यांनी हाक मारली तेव्हा आवाज फुटेना.

कुठल्या जातीच्या आहेत, मला सांगता येणार नाही. आपल्याकडच्या घरांत राहणाऱ्या लहान पाकोळ्यांत पिपिस्ट्रेल गटातल्या पुष्कळ, आणि त्या एकमेकींपासून ओळखायला तज्ज्ञाचा डोळा लागतो. त्यालाही चकवा बसतो. तमिळनाडूच्या डोंगरात १९४८ मध्ये धरलेलं एक वटवाघूळ मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात भलत्याच नावाने पडून होतं. १९७२ मध्ये थायलंडच्या किट्टी थोंगलोंग्या यांनी ते पुन्हा हातात घेतलं, तेव्हा ती सर्वस्वी नवी जात निघाली. तिला त्यांनी सालिम अलींचं नाव दिलं. चोवीस वर्षं ती एका खणात, चुकीच्या चिठ्ठीखाली होती. मग माझ्या पेटीतल्यांना घाई कशाला?

मामांना मी त्याच दिवशी फोन केला. ते संध्याकाळी आले, नातवाला घेऊन. आम्ही चौघं परसात खुर्च्या टाकून बसलो. सात वाजून गेले, पेटीतून काहीच आलं नाही. मग एक काळा ठिपका सांडला. एकच. मामांनी हात जोडले.

यंदा माझी नात मे महिन्यात आमच्याकडे राहायला आली. सात वर्षांची आहे. तिला पुण्यात बाराव्या मजल्यावर पाकोळ्या बघायला मिळत नाहीत. पहिल्या संध्याकाळी मी तिला परसात घेऊन बसले. रातराणीचा वास सुटला होता, गंगेकडून थोडा वारा होता. मी पेटीकडे बघत होते, ती पायांनी माती उकरत होती. एकाएकी तिने मान वर केली.

"आजी, आत कोणीतरी बोलतंय."

मी कान दिला. काहीच नाही. लांब कॉलेज रोडकडची वाहनं, शेजारच्या काकूंचा कुकर.

"काय बोलतायत?" मी विचारलं.

"चिट चिट चिट. खूप जण आहेत."

मग त्या सांडायला लागल्या. एक. दोन. तिसरी पत्र्याला घासूनच गेली. चौथी. मी थोडा वेळ वाट बघितली आणि आत येऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या आकड्याखाली, चार लिहिलं. नात मागोमाग आली होती. टाचा उंचावून तिने चौकोनात बघितलं.

"पाच होत्या," ती म्हणाली. "एक तू बघितलीच नाहीस. ती उशिरा आली."

मी चार खोडून पाच लिहिलं.